विकलेली रांग

मुलगा वा मुलगी अमेरिकेत स्थायिक झाली की आईवडिलांच्या पहिल्याच भेटीत त्यांना कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड किंवा फ्लॉरिडातील डिस्ने वर्ल्ड दाखवून आणणे, हा आपल्या मंडळींत आता जणू कुलाचारच होऊन बसला आहे. परतलेली मंडळी कौतुक करतात. परंतु ते कौतुक अलीकडे खर्चाच्या हिशेबापाशी येऊन अडखळते. हे अडखळणे अकारण नाही, एवढेच येथे पुराव्यानिशी मांडावयाचे आहे.

प्रथम दराचा मुद्दा. १ ऑक्टोबर १९७१ रोजी डिस्ने वर्ल्ड उघडले तेव्हा प्रवेशशुल्क साडेतीन डॉलर होते. आतील खेळांची तिकिटे मात्र निराळी घ्यावी लागत. म्हणून हा आकडा मी पुराव्यात धरीत नाही. प्रतिपक्षाला तेवढा न्याय दिलाच पाहिजे. १९८२ साली तेथेच एप्कॉट हे दुसरे उद्यान सुरू झाले. त्याचे दिवसभराचे तिकीट १५ डॉलर होते. चलनवाढ जमेस धरली तर आजच्या हिशेबाने ते सुमारे ५० डॉलर होतात. त्याच मालकाच्या डिस्नेलँडने ऑक्टोबर २०२४ मध्ये ऐन गर्दीच्या दिवसांचा दर २०६ डॉलर केला. निवडक दिवसांसाठी १०४ डॉलरांचा दर ठेवला होता हे खरे. पण तोही पन्नासाच्या दुपटीहून अधिक, आणि मुलांच्या सुट्टीत तो सापडणे कठीण.

तथापि केवळ महागले म्हणून मी फिर्याद करणार नाही. आपल्या मालाचा भाव ठरविण्याचा अधिकार विक्रेत्याला आहे. माझी तक्रार अशी, की भाव वाढला आणि माल घटला. १९९९ पासून तेथे ‘फास्टपास’ नावाची सोय होती. ठरावीक वेळ राखून ठेवावी आणि लांबलचक रांग टाळावी. त्यास वेगळा आकार नसे. २०२१ च्या ऑक्टोबरात डिस्ने वर्ल्डमध्ये तिच्या जागी ‘जीनी प्लस’ आले, माणशी दिवसाला १५ डॉलर आकारून. पुढे २०२४ मध्ये डिस्नेलँडने वेळ न राखताही हव्या त्या क्षणी पुढे जाण्याचा परवाना विकावयास काढला. त्याचा आरंभीचा दर माणशी ४०० डॉलर! डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांसाठी २००५ पासून विमानतळाहून मोफत बस होती. २०२२ च्या आरंभी तीही बंद झाली.

रांगेच्या या व्यापाराकडे वाचकांनी बारकाईने पाहावे. उद्यानात किती माणसे घ्यावयाची हे मालकच ठरवितो. म्हणजे रांगेची लांबी बऱ्याच अंशी त्याच्याच हाती. आणि त्याच रांगेतून सुटका करून देण्याचे पैसेही तोच घेतो. विहिरीवर येण्याचे पैसे घेऊन दोराचे पैसे निराळे मागावेत, तसला हा प्रकार आहे. शिवाय एकाला विकलेली सवलत आकाशातून पडत नाही. पुढे गेलेल्या प्रत्येक कुटुंबामागे, केवळ प्रवेशाचे पैसे भरलेले दुसरे कुटुंब तितके अधिक तिष्ठत राहते. विकला जातो तो मागच्याचा वेळ. त्याची संमती कोणी विचारलेली नसते.

प्रतिपक्ष म्हणेल, गर्दी हटत नाही, मग दर का उतरवावा? परंतु गर्दीवरून हौस सिद्ध होते, किंमत वाजवी असल्याचे सिद्ध होत नाही. मुलाचे बालपण दर उतरेपर्यंत थांबत नाही, हे विक्रेता पुरते जाणून असतो. आणि हौसेलाही अंत आहे. २०२२ च्या मार्चमध्ये डिस्ने वर्ल्डने अंतराळनौकेच्या धर्तीवर एक हॉटेल उघडले. दोघांना दोन रात्रींचे किमान सुमारे ४,८०० डॉलर पडत. २०२३ च्या सप्टेंबरअखेर ते बंद करावे लागले. त्याच वर्षी मार्चमध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी नफा वाढविण्याच्या भरात दरांच्या बाबतीत आपण काहीसे अधिकच आक्रमक झालो असू, असे बोलून दाखविले. प्रतिवादीच्या तोंडची कबुली यापेक्षा स्पष्ट ती कोणती असावी? १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँडचे उद्घाटन करताना वॉल्ट डिस्ने यांनी येणाऱ्या सर्वांचे स्वागत केले होते. त्यात आधी येणारे आणि अधिक देणारे असा भेद नव्हता.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. आपण देवळांच्या आश्रयाने वाढलेली माणसे. दर्शनाच्या रांगेत यजमान आणि त्याचा गडी एकामागे एक उभे राहतात, हे आपण लहानपणापासून पाहिले. परंतु तिरुमलेस ३०० रुपयांच्या विशेष दर्शनाची निराळी रांग आहे, आणि इतरत्रही तिचे अनुकरण होत आहे. करमणुकीच्या बागेत जे खटकते ते देवाच्या दारी कसे चालावे?

म्हणून माझे सांगणे दोन प्रकारचे आहे. मुलांनी तिकडे बोलावले तर जरूर जावे. मात्र आधी प्रवेश, निवास, वाहन, भोजन आणि रांग चुकविण्याचे शुल्क असा संपूर्ण खर्च कागदावर मांडावयास लावावा, आणि तो डोळ्यांत भरला तर तेच चार दिवस नातवंडांसह दुसरीकडे घालवावेत. आणि आपल्या देवस्थानाच्या सभेत जलद दर्शनाच्या तिकिटाचा ठराव येईल, त्या दिवशी उठून एकच प्रश्न विचारावा: हा वेळ कोणाचा, आणि तो विकण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?