म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका

आयुष्यभर नाकासमोर चालणारा माणूस पन्नाशीत एकाएकी दुकानातून पैसे न देता वस्तू उचलतो, परक्या बाईशी नको ते बोलतो, घरात कुणी गेलं तरी डोळ्यात पाणी नाही, गोडाचा मात्र हव्यास. आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापुरात त्याला शब्द तयार: म्हातारचळ. नाहीतर 'बाहेरचं काहीतरी'.

तो फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया असू शकतो. मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग झिजतो, वागण्याचा लगाम सुटतो. बहुतेकांना गाठतो 45 ते 65 या वयात, म्हणजे घर चालवायच्या दिवसांत. 'अस्तु'मधल्या मोहन आगाशेंमुळे विसरभोळा डिमेन्शिया आपल्याला कळला. इथे सुरुवातीला आठवण शाबूत असते, म्हणून शंकाच येत नाही. ब्रूस विलिसच्या घरच्यांनी 2023 मध्ये हेच निदान जगाला सांगितलं. आपल्याकडे शेजाऱ्याला सांगायचीही चोरी.

बरं करणारं औषध अजून नाही. पण निदान झालं तर बँकेचे व्यवहार, गाडीची चावी घरचे वेळीच हातात घेतात. प्रत्येक वाह्यात माणूस आजारी नसतो, खरंय. पण स्वभावच पालटला तर मांत्रिक नको, न्यूरॉलॉजिस्ट गाठा. इथे नाही मिळाला तर लोकल पकडून केईएम, जेजे.

आणि असल्या माणसाला चोपतानाचे व्हिडिओ 'बातमी लावा' म्हणून मला पाठवू नका. लावणार नाही.