आधी संवर, मग पॉलिश

काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसले, की घरोघरी पॉलिशची घाई. माझा विरोध आहे. मशीनचे पॉलिश ओरखडा भरत नाही. भोवतीचा पारदर्शक थर घासून त्याच्या पातळीला आणते. तो थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, पुन्हा न वाढणारा. दरवर्षी पॉलिश म्हणजे मुद्दल खाणे!

ओरखडे येतात रोज कोरड्या फडक्याने धूळ घासण्यातून. ती सवय ठेवून पॉलिश करणे म्हणजे आस्रव चालू ठेवून निर्जरेची आशा. ‘पाणी वाचतं’ म्हणाल, तर धूळ राहू द्या. रोज पुसायलाच हवी का? आठवड्यातून एकदा बादलीभर पाण्याने धूळ सोडवा, मऊ ओल्या फडक्याने हलके पुसा. जयणा इथेही हवी. पॉलिश त्यानंतर, एकदाच.