डीजे म्हणजे भिंत नव्हे, माणूस

वणीत ‘डीजे’ म्हटले की कुणाच्या डोळ्यांपुढे माणूस येत नाही. येते ती ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत, जनरेटर आणि लेझरचे दिवे. लग्न ठरले की विचारणा होते ती ‘किती बेस, किती टॉप’ अशी. वाजवणारा कोण, हे कुणी विचारत नाही. मूळ शब्द मात्र माणसासाठी होता. डिस्क जॉकी म्हणजे तबकड्या निवडून, एकीतून दुसरीत ताल न तुटू देता लोकांना नाचवणारा. त्याच्या पुढची पायरी प्रोड्युसरची. तो दुसऱ्याची गाणी वाजवत नाही, संगणकावर स्वतःचे संगीत रचतो. आपण हा माणूस विसरलो आणि यंत्र तेवढे ठेवले. माझ्या मते आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांचे नुकसान इथूनच सुरू होते.

हे शिक्षण मराठी पोराच्या आवाक्याबाहेरचे आहे का? 2024 मध्ये ‘तांबडी चामडी’ हे गाणे गाजले. ते रचले क्रेटेक्सने, म्हणजे कृणाल घोरपडे याने. आवाज श्रेयस सागवेकरचा. गाणे प्रसिद्ध केले स्पिनिन रेकॉर्ड्सने. हीच ती नेदरलँड्सची कंपनी, जिने 2013 मध्ये 17 वर्षांच्या मार्टिन गॅरिक्सचे ‘ॲनिमल्स’ जगभर पोहोचवले होते. मराठी शब्द आणि हाऊस संगीताचा ठेका एकत्र येऊ शकतो, हे क्रेटेक्सने दाखवून दिले. त्यासाठी त्याला भाषा बदलावी लागली नाही.

त्याआधीचे उदाहरण मुंबईचे आहे. चित्रपटसंगीतात वाद्ये वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलंड कंपनीची नवी यंत्रे जुळवून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने तबकडी काढली, पण ती चालली नाही. 2010 मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा जाणकार चकित झाले. कारण शिकागोच्या ज्या ‘ॲसिड हाऊस’ची सुरुवात 1987 च्या एका ध्वनिमुद्रिकेपासून मानतात, त्याच्याशी मिळतेजुळते काहीतरी मुंबईत पाच वर्षे आधीच घडले होते. सत्तरी गाठलेल्या चरणजितांना मग युरोपातून बोलावणी आली. 2015 मध्ये ते वारले. हुनर आपल्याकडे होता. त्याला कलावंत म्हणणारे उशिरा भेटले, तेही बाहेरचे.

आता आपल्या घरात पाहू. बॅन्ड, बँजो पार्टी, मंडप, साउंड या धंद्यांत मुसलमान पोरे पूर्वीपासून आहेत. वणीसारख्या कोळशाच्या गावात खाणीची नोकरी सगळ्यांना मिळत नाही. मग कुणी हप्त्यावर सामान घेतो आणि लग्नसराईवर घर चालवतो. त्याला घरात ‘हे हराम आहे’ असे ऐकावे लागते, आणि बाहेर ‘आवाज वाढव’ असे. संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद जुने आहेत. बहुसंख्य विरोधात आहेत, पण इब्न हज्म यांनी ते जायज मानले आणि इमाम गझाली यांनी अटी घालून समाची बाजू मांडली. लग्नात डफ वाजवण्याची परवानगी हदीसमध्येच आहे. आणि मिरजेच्या दर्ग्यात ज्यांची कबर आहे, ज्यांच्या स्मरणार्थ तिथे उरुसात गायन होते, ते अब्दुल करीम खाँ कोण होते? बार्शीचे शाहीर अमर शेख कोण होते? त्यांच्या नावाचा अभिमान बाळगायचा आणि गल्लीतल्या पोराला नाव ठेवायचे, हे जमायचे नाही. ज्याला संगीत नाजायज वाटते त्याने त्यापासून दूर राहावे, त्याचा तो हक्क आहे. पण पोराची रोजी बंद करायची तर त्याला दुसरी रोजी दाखवण्याची जबाबदारीही घ्यावी.

याचा अर्थ भिंतीची वकिली करावी असा नाही. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000 च्या नियमांतच आहे. 85 डेसिबलमध्ये माणूस आठ तास काम करू शकतो, 100 मध्ये पंधरा मिनिटांत कानाला धोका सुरू होतो. भिंतीजवळ सर्वाधिक वेळ उभा कोण असतो? तोच पोरगा. सप्टेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ईद-ए-मिलादच्या मिरवणुकीतील डीजेबद्दल साधी गोष्ट सांगितली. गणेशोत्सवात जो आवाज घातक, तो ईदलाही घातकच. ज्या रसूलांनी शेजाऱ्याच्या हक्कावर एवढा जोर दिला, त्यांच्या जन्मदिनी शेजारच्या म्हाताऱ्याची छाती धडधडावी, याचे समर्थन मला कुठल्याच किताबात सापडत नाही.

त्याहून घातक एक प्रकार आहे. मशिदीसमोर मिरवणूक थांबवून चिथावणीची गाणी लावली जातात आणि त्याला उत्तर म्हणून आपल्या मिरवणुकीतही तशीच गाणी शोधली जातात. ही गाणी आकाशातून पडत नाहीत. कुणीतरी संगणकावर बसून ती रचतो, ठेका देतो, मोबाईलवर फिरवतो. तोही प्रोड्युसरच. तेच सॉफ्टवेअर, तोच ठेका. म्हणून या कलेकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. आपण शिकलो नाही तर ती द्वेष पसरवणाऱ्यांच्या हाती एकतर्फी राहील.

हाऊस संगीत जन्मले ते शिकागोच्या काळ्या पोरांच्या क्लबमध्ये, जिथे बाहेर हाकललेल्यांना आत जागा होती. ती आठवण ठेवावी. अंजुमनच्या शाळा, वाचनालये, जमातीचे कार्यकर्ते उन्हाळ्यात टायपिंगचे वर्ग घेतात. त्यातच एका कोपऱ्यात ध्वनिमुद्रण आणि संगीतरचनेचा वर्ग का नसावा? एक साधा संगणक, एक हेडफोन, मोफत मिळणारे सॉफ्टवेअर एवढ्यावर सुरुवात होते. भिंतीला लाखो लागतात, यात तेवढे लागत नाहीत. शिकलेला पोरगा नातवर मुद्रित करील, लघुपटाला संगीत देईल, वऱ्हाडी बोलीचे गाणे रचील. सगळेच नाव कमावणार नाहीत. पण भिंत पोलिसांनी जप्त केली की धंदा बसतो. हातातला हुनर कुणाला जप्त करता येत नाही.