टीमला चार्टर विमानाने मुंबईला न्यायचं?

जळगावच्या एका भाऊंनी विचारलं, "सर, पाच जणांची टीम घेऊन चार्टर विमानाने मुंबईला जाऊन संध्याकाळी परत आलो, तर परवडेल का?"

फोटोसाठी असेल तर नाही, भाऊ! चार्टरचं भाडं तासावर असतं, सीटवर नाही. विमान बाहेरून रिकामं येणार, दिवसभर थांबणार, तेही तुमच्याच बिलात. रेल्वेने मुंबई सुमारे ४२० किलोमीटर. रात्री बसा, सकाळी मुंबईत. विमानच हवं असेल तर आधी नेहमीच्या फ्लाइटचं तिकीट बघा. डिसेंबर २०१७ मध्ये 'उडान'मधून जळगाव-मुंबई छोटं विमान सुरू झालं, तेव्हा सीटपुरतेच पैसे मोजावे लागायचे.

हां, ग्राहकाची मशीन बंद पडलीय, रोजचं नुकसान भाड्यापेक्षा मोठं आहे, तर बसा बिनधास्त. पण टीमच्या दिवाळी बोनसमधून ते बिल भरणार असाल, तर निघण्याआधी त्यांना तसं सांगा. बघा किती जण येतात ते!