कळा सोसायलाच हव्यात?

१८४७ साली एडिंबरोच्या डॉ. जेम्स सिम्पसन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला, तेव्हा विरोध करणाऱ्यांत डॉक्टरही होते. कळा नैसर्गिक आहेत, त्या सोसायलाच हव्यात, असं त्यांचं म्हणणं. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांच्याकडून रुमालावर क्लोरोफॉर्म घेतला आणि विरोधाची धार बोथट झाली. (राणीला कोण नाही म्हणणार!)

आपल्याकडे मात्र एपिड्युरल मागणाऱ्या सुनेला "आम्ही नाही का सोसलं?" हे आजही ऐकावं लागतं. एपिड्युरलमध्ये ती शुद्धीवर असते, बाळाचं पहिलं रडणं ऐकते. रक्त गोठण्यात दोष असेल तर भूलतज्ज्ञ स्वतःच नकार देतील. बाकी निर्णय तिनेच घ्यावा. त्यासाठी आठव्या महिन्यातच भूलतज्ज्ञांना भेटा, आणि प्रश्न तिला विचारू द्या.