बिनसाखरेचं, पण कोणासाठी?

गेल्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी सासूबाई आमच्याकडे आल्या. दोन महिने न्यू जर्सीला नणंदेकडे राहून मग इथे, इंग्लंडमध्ये रेडिंगला. बॅगेत मेतकूट, गोडा मसाला आणि नातवासाठी मुद्दाम घेतलेलं गोड पुड्यांचं एक खोकं. वर मोठ्या अक्षरांत 'झीरो कॅलरी'. "त्याला साखर चालत नाही ना, म्हणून आणलं. तिकडे सगळे हेच घालतात चहात," त्या म्हणाल्या. मी खोकं उलटून मागची बाजू वाचलीही नाही, ओट्यावर ठेवून दिलं. चूक झाली ती माझी, त्यांची नव्हे.

आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि त्याला अपस्मार आहे. तीन औषधं करून पाहिली तरी फिट थांबेनात, तेव्हा डॉक्टरांनी किटोजेनिक आहार सुचवला. हल्ली वजन उतरवण्यासाठी लोक जे 'किटो' करतात ते हे नव्हे. अपस्मारावर हा उपचार १९२१ पासून आहे, इन्सुलिनइतकाच जुना. लंडनमध्ये १४५ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यात आहार घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून जास्त कमी झाल्या, न घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. म्हणजे सगळ्यांना गुण येतो असं नाही. आमच्या नशिबाने आम्हाला आला.

पण हिशोब कडक असतो. चार भाग स्निग्ध पदार्थ, तर एक भाग प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून. आमच्या मुलाच्या वाट्याला दिवसभरात १० ग्रॅम कर्बोदकं येतात. चमचाभर साखरेत ४ ग्रॅम जातात. उकडीचा एक मोदक खाल्ला तर दिवसाचा कोटा संपून वर उधारी. स्वयंपाकघरात ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा आहे, आणि तो आमच्याकडे देवघराइतकाच महत्त्वाचा.

सासूबाईंनी दोन दिवस त्याच्या घट्ट सायीत वेलची आणि त्या पुड्या घालून 'श्रीखंड' करून दिलं. चार-चार पुड्या. पोरगं खूश, आजी खूश. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्तातले किटोन मोजले तर ४.२ वरून २.१ वर आलेले. दुपारी त्याला फिट आली. सत्तेचाळीस दिवसांनी पहिली.

रात्री मी खोकं उलटं केलं. मागे बारीक अक्षरांत पहिला घटक: डेक्स्ट्रोज. दुसरा: माल्टोडेक्स्ट्रिन. गोडी आणणारं सुक्रॅलोज शेवटी. साधी गोष्ट आहे. सुक्रॅलोज साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड, त्यामुळे पुडीत ते चिमटीभरही लागत नाही. मग पुडी भरायची कशाने? ग्लुकोजच्या भावंडांनी. अमेरिकेत एका वेळच्या मापात ५ पेक्षा कमी कॅलरी असतील तर 'झीरो' छापायला कायद्याने मुभा आहे, आणि एक ग्रॅमची पुडी त्यात आरामात बसते. चहा पिणाऱ्या मोठ्या माणसाला त्याने काही होत नाही. आमच्या मुलाच्या पोटात मात्र रोज जवळजवळ ४ ग्रॅम जास्तीचे गेले. फिट त्यामुळेच आली का, हे डॉक्टरांनी छातीठोक सांगितलं नाही, आणि मीही सांगणार नाही. किटोन उतरले ते मात्र मी स्वतः पाहिलं.

तेव्हापासून 'सुरक्षित' हा शब्द कोणी वापरला की मी विचारते, कोणासाठी? आस्पार्टेम आमच्या मुलाला चालतं. पण फिनाइलकीटोन्युरिया असलेल्या मुलाला ते अजिबात नको, कारण त्यातून फिनाइलअलानिन मिळतं. म्हणूनच इथे अशा वस्तूंवर तसा इशारा छापावा लागतो. सॉर्बिटॉल बहुतेकांना फार तर पोट बिघडवेल, पण ज्याला जन्मतः फ्रुक्टोज पचत नाही त्या मुलासाठी ते विषासारखं, कारण यकृतात त्याचं फ्रुक्टोजच होतं. अशा मुलाला मध आणि गूळही वर्ज्य. आणि टाइप वन मधुमेह असलेल्या मुलीची साखर अचानक उतरली, तर तिला त्या क्षणी खरी साखरच हवी. तिच्या हातात कौतुकाने 'डाएट' सरबत दिलं तर तिचा जीव धोक्यात येईल. एकाच मंडळाच्या एकाच पंगतीत ही चारही मुलं बसू शकतात.

आपल्या लोकांचा भरवसा मात्र दोनच गोष्टींवर. एक, पाकिटाची पुढची बाजू. दुसरी, 'नैसर्गिक आहे हो'. गूळ नैसर्गिक, खजूर नैसर्गिक, मध तर औषधच! मला आत्तापर्यंत निदान दहा जणांनी साखरेऐवजी सेंद्रिय गूळ सुचवलाय. शरीराला सेंद्रिय कळत नाही, ग्लुकोज कळतं. स्टीव्हियाचंही तेच. पान नैसर्गिक असेल, पण पुडी कशाने भरली आहे?

उलट टोकाची भीतीही आहेच. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने आस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं आणि माझा फोन तापला. पण त्याच वेळी दुसऱ्या समितीने रोजची मर्यादा बदलली नाही. ती किलोमागे ४० मिलिग्रॅमच राहिली. म्हणजे २० किलोच्या मुलाला ८००. आम्ही त्याच्या जवळपासही जात नाही. एरिथ्रिटॉल आणि हृदयविकाराचा संबंध दाखवणारा अभ्यासही त्याच वर्षी आला, तो हृदयविकाराचा धोका असलेल्या मोठ्या माणसांवरचा. मी तो आहारतज्ज्ञांना दाखवला. त्या म्हणाल्या, लक्ष ठेवू, प्रमाण कमी ठेवा. आमच्या घरी सुक्रॅलोजचे थेंब आणि थोडं एरिथ्रिटॉल, एवढंच चालतं. माल्टिटॉल नाही. 'नो ॲडेड शुगर' चॉकलेटं बहुधा त्याचीच असतात, आणि ते बऱ्यापैकी पचून रक्तातली साखर वाढवतं. तापाचं साखरविरहित सिरपसुद्धा आधी वाचून घ्यावं लागतं. (घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलचा डबा त्याच्या तोंडी लागू देऊ नका. थोडंसंही जिवावर बेततं.)

आता मंडळाबद्दल. इथे २०२१ पासून दुकानात जागेवर बांधून विकलेल्या खाण्यावर सगळे घटक लिहिणं सक्तीचं आहे. सँडविचमधल्या तिळाने एका मुलीचा जीव गेला, त्यानंतर तिच्या आईवडिलांनी लावून धरलेला हा कायदा. आपण घरून नेलेल्या डब्यांना तो लागू नाही, म्हणून आपण लिहीतही नाही. मागच्या गणपतीत मी एका ताईंना विचारलं, या बर्फीत काय घातलंय? त्या दुखावल्या. "एका तुकड्याने काय होतंय गं, प्रसाद आहे." त्या मला मायेनेच बोलल्या होत्या. पण एका तुकड्याने काय होतं ते मला ठाऊक आहे, आणि दर वेळी ते चारचौघांत सांगत बसण्याची मला लाज वाटते, मुलाला त्याहून जास्त. डब्याला चिकटवलेली एक चिठ्ठी असती तर मी वाचून पुढे गेले असते.

सासूबाई त्या फिटनंतर दोन दिवस जेवल्या नाहीत. मग त्यांनी माझ्याकडून भिंग मागून घेतलं आणि घरातलं प्रत्येक पाकीट उलटं करून वाचलं. किसलेलं खोबरं, बदामाचं पीठ, तूप, मोजून एरिथ्रिटॉल असे मोदक त्यांनी चार वेळा बिघडवले. एरिथ्रिटॉल गार झालं की कडक होतं आणि जिभेला पेपरमिंटसारखं लागतं, त्यावर नातवाचा आक्षेप होता. पाचव्या वेळी जमलं. एक मोदक, कर्बोदकं दीड ग्रॅम.

यंदा त्या साताऱ्यालाच आहेत. परवा व्हिडिओ कॉलवर त्यांनी कृती पुन्हा सांगितली आणि मुलाने ती लिहून घेतली. डब्यावर चिकटवायची चिठ्ठीही त्यानेच केलीय, मोठ्या अक्षरांत. खोबरं या शब्दाला एक काना कमी पडलाय. मी तो दुरुस्त केलेला नाही.