परवाना एका शहराचा, धंदा दुसऱ्या शहरात

मँचेस्टरमध्ये रात्री उशिरा अॅपवरून मागविलेली मोटार दारात येऊन उभी राहते. तिच्यावर परवान्याची पाटी असते, चालकाच्या गळ्यात ओळखपत्र असते. पण त्या दोहोंवरचे नाव अनेकदा मँचेस्टरचे नसते. ते असते सुमारे शंभर किलोमीटर दूर असलेल्या वुल्व्हरहॅम्प्टनचे. कायद्याच्या दृष्टीने यात काहीही गैर नाही. मात्र या चालकाविषयी तक्रार उद्भवली तर तिची दखल कोणी घ्यायची, आणि मँचेस्टरच्या निरीक्षकाने ही मोटार अडविली तर त्याला नेमके काय करता येईल, या प्रश्नांनी इंग्लंडमधील टॅक्सी परवान्यांची सारी व्यवस्था गेल्या दशकभरात हलवून सोडली आहे.

आपल्याकडे टॅक्सीचा परवाना आणि चालकाचा बिल्ला हा राज्याच्या परिवहन खात्याचा विषय आहे. महापालिकेचा त्याच्याशी संबंध नाही. इंग्लंडमध्ये नेमके उलटे आहे. राजधानी लंडनमध्ये हे काम 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन' ही एकच संस्था पाहते. उर्वरित देशात मात्र ते स्थानिक नगरपरिषदांकडे आहे आणि परवाना देणाऱ्या अशा संस्थांची संख्या अडीचशेहून अधिक आहे. प्रत्येकीचे शुल्क वेगळे, मोटारीच्या वयाची अट वेगळी, चालकाची परीक्षा वेगळी. एका शहरात मोटारीत कॅमेरा सक्तीचा, तर शेजारच्या शहरात तो ऐच्छिक.

या रचनेचे मूळ घोडागाडीच्या काळात आहे. रस्त्यावर हात दाखवून थांबविता येणारी किंवा थांब्यावर उभी राहणारी जी टॅक्सी, ती 'हॅकनी कॅरेज' या नावाने आजही १८४७च्या कायद्याखाली येते. आगाऊ नोंदणी करूनच घेता येणाऱ्या खासगी भाड्याच्या मोटारींसाठी १९७६चा कायदा आहे. मुंबईकराच्या भाषेत सांगायचे तर पहिली आपली काळी-पिवळी आणि दुसरी अॅपवरून येणारी गाडी. दुसऱ्या प्रकारात बुकिंग घेणारी कंपनी, मोटार आणि चालक अशा तिघांना स्वतंत्र परवाने लागतात व ते तिन्ही एकाच नगरपरिषदेचे असावे लागतात. प्रवासी कोठे आहे, मोटार कोठून कोठे जाणार आहे, याबद्दल मात्र हा कायदा काहीच बंधन घालत नाही. १९७६ साली त्याची गरजही नव्हती. टेलिफोनवर गाडी मागविणारा गिऱ्हाईक गावातलाच असे आणि चालकही गावातलाच.

मोबाईल अॅपने हे गृहीतक मोडीत काढले. कंपनीने एखाद्या शहरात परवाना घेतला, त्याच शहराचे परवाने असलेले चालक जोडले, की त्या चालकांना देशात कोठेही भाडे मिळू शकते. त्यातच २०१५च्या एका कायद्याने एका हद्दीतील कंपनीला आपले बुकिंग दुसऱ्या हद्दीतील कंपनीकडे सोपविण्याची मुभा दिली. याच कायद्याने चालकाच्या परवान्याची सर्वसाधारण मुदत तीन वर्षे, तर कंपनीच्या परवान्याची पाच वर्षे ठरवून टाकली. गंमत अशी, की सरकारच्याच विधी आयोगाने २०१४ साली या क्षेत्राच्या सुधारणेचा संपूर्ण आराखडा सादर केला होता. हद्दीची बंधने सैल करावीत, पण त्याबरोबर देशभर समान किमान निकष लागू करावेत आणि कोणत्याही निरीक्षकाला कोणत्याही हद्दीतील मोटारीवर कारवाई करण्याचे अधिकार द्यावेत, असा त्याचा गाभा होता. सरकारने त्यातील सैलपणा तेवढा उचलला; निकष आणि अधिकार मात्र कागदावरच राहिले.

त्यानंतर जे घडायचे तेच घडले. ज्या नगरपरिषदेचे काम जलद, ऑनलाइन आणि कमी खर्चाचे, तिच्याकडे चालकांचा ओघ वळला. वुल्व्हरहॅम्प्टन हे अडीच लाखांवर लोकवस्तीचे शहर. तिथल्या नगरपरिषदेने दिलेल्या परवान्यांची संख्या शहराच्या गरजेच्या कितीतरी पुढे गेली. ग्रेटर मँचेस्टरमधील दहा नगरपरिषदांच्या हद्दीत धावणाऱ्या खासगी भाड्याच्या मोटारींपैकी जवळपास निम्म्या बाहेरच्या परवान्यावर चालतात, असे तिथल्या प्रशासनाचेच म्हणणे आहे. महापौर अँडी बर्नहॅम यांनी याविरुद्ध मोहीमच उघडली.

ही पळवाट अॅपच्याही आधीची आहे. स्कॉटलंडच्या सीमेजवळच्या बेरिक या छोट्या गावाने दिलेल्या परवान्यांवर कितीतरी टॅक्सी दूरच्या न्यूकॅसलमध्ये धंदा करीत होत्या. न्यूकॅसलने न्यायालयात धाव घेतली. ज्या टॅक्सीचा मालक परवाना देणाऱ्या हद्दीत मुख्यत्वे धंदा करणारच नाही, त्याला परवाना नाकारता येतो, असा निवाडा २००८ साली झाला. मात्र हा नियम हॅकनी टॅक्सीपुरताच राहिला. लिव्हरपूलजवळच्या नोझ्ली नगरपरिषदेने खासगी भाड्याच्या चालकांना तशीच अट घालून पाहिली, तेव्हा २०१८ साली उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. थोडक्यात, एखाद्या नगरपरिषदेला बाहेरच्या मोटारींना येण्यापासून रोखता येत नाही आणि आपल्या चालकांना बाहेर जाण्यापासूनही अडविता येत नाही.

हा वाद केवळ धंद्याचा असता, तर त्याची एवढी चर्चा झाली नसती. त्याला एक विदारक पार्श्वभूमी आहे. यॉर्कशायरमधील रॉदरहॅम या शहरात १९९७ ते २०१३ या काळात सुमारे १४०० मुले लैंगिक शोषणाला बळी पडली, असा अंदाज प्रा. अॅलेक्सिस जे यांच्या ऑगस्ट २०१४च्या अहवालाने मांडला. अशा प्रकरणांत टॅक्सीचा वापर वारंवार झाल्याचे त्या अहवालाने नोंदविले. पाठोपाठ फेब्रुवारी २०१५ मध्ये लुईज केसी यांच्या पाहणीने नगरपरिषदेच्या परवाना विभागावरही ठपका ठेवला. लोकांच्या संरक्षणासाठी हाती असलेले अधिकार या विभागाने वापरलेच नव्हते. केंद्र सरकारने नगरपरिषदेचा कारभार आयुक्तांच्या हाती दिला. रॉदरहॅमने पुढे नियम कडक केले, टॅक्सीत कॅमेरे सक्तीचे केले. पण शेजारच्या हद्दीचा परवाना असलेली, कॅमेरा नसलेली मोटार त्याच रस्त्यांवर कायदेशीरपणे फिरू शकत होती. ज्या शहराने एवढी मोठी किंमत मोजली, त्याचे कडक नियम असे त्याच्याच वेशीत निष्प्रभ ठरले.

चालक 'योग्य आणि लायक व्यक्ती' आहे की नाही, हे ठरविणे हा परवान्याचा आत्मा मानला जातो. सरकारने जुलै २०२० मध्ये जारी केलेल्या निकषांत अधिकाऱ्यांना यासाठी एक साधा प्रश्न दिला आहे. आपल्या जिवाभावाच्या माणसाला, दिवसा किंवा रात्री कोणत्याही वेळी, या व्यक्तीच्या मोटारीत एकटे पाठवाल काय? उत्तर नाही असे येत असेल, तर परवाना देऊ नये. गुन्हेगारी नोंदींची तपासणी दर सहा महिन्यांनी व्हावी, असेही हे निकष सांगतात. २०२२च्या कायद्याने आणखी एक दुवा जोडला. बाहेरच्या चालकाविषयी गंभीर शंका आढळल्यास ती त्याच्या मूळ नगरपरिषदेला दहा कामकाजी दिवसांत कळवावी आणि तिने वीस कामकाजी दिवसांत तिचा विचार करावा, असे बंधन आले. नाकारलेल्या व रद्द केलेल्या परवान्यांची नोंद राष्ट्रीय यादीत करणे २०२३ पासून सक्तीचे झाले. एका गावात नाकारला गेलेला माणूस दुसऱ्या गावात कोऱ्या पाटीने उभा राहण्याचा मार्ग त्यामुळे बराच अरुंद झाला. परंतु रस्त्यावर मोटार समोर दिसत असताना परवाना निलंबित करण्याचा अधिकार तिथल्या निरीक्षकाला अजूनही मिळालेला नव्हता. त्याने पत्र पाठवायचे आणि उत्तराची वाट पाहायची.

वुल्व्हरहॅम्प्टनची बाजूही ऐकून घ्यायला हवी. आपण चालकांच्या गुन्हेगारी नोंदी दररोज तपासतो, आपले निरीक्षक इतर शहरांत जाऊन तपासणी करतात, आणि पात्र अर्जदाराला केवळ तो बाहेरचा आहे म्हणून नाकारण्याची मुभा कायदा देत नाही, असे तिचे म्हणणे आहे. शिवाय परवाना शुल्कातून नफा कमावण्यास कायद्याने मनाई आहे. चालकांचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. स्वतःच्या शहरात अर्ज अनेक महिने पडून राहत असेल, तर हप्त्यावर घेतलेली मोटार दारात उभी ठेवून कोणाचे पोट भरणार? या धंद्यातील मोठा वर्ग स्थलांतरित कुटुंबांतून आलेला आहे. काहींच्या गुन्ह्यांमुळे साऱ्यांकडे संशयाने पाहिले जाते, त्याची झळ प्रामाणिक चालकालाच सर्वाधिक बसते. विश्वासार्ह परवाना ही प्रवाशाइतकीच त्याचीही गरज आहे.

उपाय काय, याबाबतही एकमत नाही. भाडे परवाना दिलेल्या हद्दीत सुरू व्हावे किंवा तेथे संपावे, अशी शिफारस सरकारने नेमलेल्या अभ्यासगटाने सप्टेंबर २०१८ मध्ये केली. सरकारने २०१९ साली किमान निकषांचे तत्त्व स्वीकारले, पण ही अट बाजूला ठेवली. अटीत अडचणी आहेतच. महानगरांत एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन नगरपरिषदा असतात. तिथे ती अट लावली तर रिकाम्या फेऱ्या वाढतील आणि प्रवाशाला गाडी मिळणे दुरापास्त होईल.

जून २०२५ मध्ये मात्र केसी यांचाच नवा राष्ट्रीय अहवाल आला. बालकांच्या सामूहिक लैंगिक शोषणावरील त्या अहवालातील बारा शिफारशींत हद्दीबाहेरच्या टॅक्सींचा प्रकार तातडीने थांबविण्याची शिफारस होती. सरकारने सर्व शिफारशी स्वीकारल्या व पळवाट बंद करण्यासाठी कायदा करण्याचे जाहीर केले. राष्ट्रीय किमान निकष ठरविण्याचा अधिकार सरकारला देणारी कलमे त्याच वर्षी सत्ता-विकेंद्रीकरणाच्या विधेयकात घालण्यात आली. परवान्यांचे काम छोट्या नगरपरिषदांऐवजी विभागीय परिवहन प्राधिकरणांकडे द्यावे काय, याचा विचार करण्याचे सूतोवाच डिसेंबर २०२४च्या श्वेतपत्रिकेत झालेच होते.

दोन्ही पावले योग्य दिशेची आहेत, पण एकट्याने अपुरी आहेत. समान निकष आले तरी ते मोडणाऱ्याला जागेवर थांबविण्याचा अधिकार स्थानिक निरीक्षकाला नसेल, तर निकष फाईलमध्येच राहतील. हद्द मोठी केली तरी मोटार हद्द ओलांडणारच. हे दोन्ही आणि सर्वांना सर्वत्र कारवाईचा अधिकार, अशी तिन्ही कामे एकत्र झाली तरच २०१४ साली अर्धवट राहिलेला आराखडा पूर्ण होईल. हद्द सैल करताना इंग्लंडने फारसा वेळ लावला नव्हता. रात्रीच्या वेळी एखादी मुलगी ज्या मोटारीत एकटी बसते, तिच्या चालकाची हमी कोण घेतो, हे ठरविण्यास मात्र त्याने दहा वर्षे लावली.